जमीलला काढायचं म्हणता, पण आधी एक लीग तरी होऊ द्या

ढाक्यात २०२५ च्या १८ नोव्हेंबरला आपण फुटबॉलमध्ये बांगलादेशकडून ०-१ हरलो तेव्हापासून आमच्याकडं एकच विषय चालू आहे, भारताच्या टीमचा कोच खालिद जमीलला ठेवायचं का काढायचं. आमच्याकडं म्हणजे संभाजीनगरात, आमखास मैदानावर सकाळी खेळायला येणारी आमची मंडळी. त्यात दोघं-तिघं जालन्याहून येतेत, एक मूळ लातूरचा पण वाळूजला कंपनीत आहे, बाकी टीव्ही सेंटर, सिडको, शहागंज असे सगळीकडचे. खेळ होतो तासभर आणि भांडण होतं दोन तास, चहा गार होतो पण विषय गार होत नाही. सगळ्यांचं ऐकून घेतलं, माझं म्हणणं तिथं धड कुणी पूर्ण करू देत नाही म्हणून इथं लिहायलोय, २०२५ संपता संपता.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. जमीलला आत्ता काढू नये. निदान एक पूर्ण लीग आणि दोन धड कॅम्प मिळेपर्यंत तरी नाही. आणि हे मी तो आपल्या देशातला कोच आहे म्हणून लाडानं म्हणत नाहीये, काही बाबतीत मला पण त्याचा राग आहे, तो पुढं लिहितोच.

आता झालं काय ते नीट मांडतो कारण भांडणात अर्ध्या लोकांना हिशोबच माहीत नसतो. २०२७ चा एशियन कप सौदीत आहे, त्याच्या पात्रता फेरीत आपला गट होता हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश आणि आपण. चौघांत एकच टीम पुढं जाणार. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-०, जूनमध्ये हाँगकाँगला जाऊन ०-१, ते पण अगदी शेवटच्या क्षणाला पेनल्टी देऊन. हे दोन्ही सामने आधीचा कोच मानोलो मार्केझच्या काळातले. म्हणजे जमील १ ऑगस्टला आला तेव्हा आपल्या खात्यात दोन सामन्यांत एक पॉइंट आणि गोल शून्य. मग ऑक्टोबरमध्ये सिंगापूरला १-१, त्यात आपला डिफेंडर संदेश झिंगनला रेड कार्ड मिळाल्यावर दहा जणांत खेळून रहीम अलीनं ९० व्या मिनिटाला बरोबरी केली, मी तेव्हा एवढ्या जोरात ओरडलो की शेजारचे दार वाजवायला आले. पण पाचच दिवसांनी गोव्यात, फातोर्ड्याला, आपल्या घरात १-२ हरलो आणि एशियन कप गेला. ढाक्याचा सामना म्हणजे नुस्ता इज्जतीचा होता, तो पण गेला. बांगलादेशकडून २२ वर्षांनी हरलो. फिफाचं रँकिंग तेव्हा १४२. पाच सामने, दोन पॉइंट, दोन गोल, गटात तळाला.

हे वाचून कुणाचं पण डोकं फिरणार, माझं पण फिरलं.

आता काढा म्हणणाऱ्यांची बाजू. त्यातलं सगळ्यात टोकदार बोलतो तो आमचा लातूरवाला, आणि त्याचा मुद्दा मला खरंच बरेच दिवस डोक्यातून काढता आला नाही. तो म्हणतो, तू सारखं वेळ मिळाला नाही वेळ मिळाला नाही म्हणतो, मग सिंगापूरचं काय? त्यांचा कोच गॅव्हिन ली, पस्तिशीतला पोरगा, तो पण नवाच, जूनमध्ये आला, तो तर हंगामीच होता, आणि जमीलसारखा तो पण त्यांच्याच देशातला. त्यानं आपल्याला आपल्या घरात येऊन हरवलं, मग ज्या दिवशी आपण ढाक्यात हरत होतो त्याच दिवशी हाँगकाँगला जाऊन त्यांना २-१ हरवलं आणि सिंगापूरला एशियन कपला नेलं. त्याला कुठं वेळ मिळाला होता? भावा, रिझल्ट दाखव, बाकी गप्पा कामाच्या नाहीत.

एकदम बिनतोड वाटतं ना? मला पण वाटलं. पण मग मी बसून विचार केला की दोघांच्या हातात काय होतं. सिंगापूरची लीग ऑगस्टपासून चालू होती, त्यांची पोरं दर आठवड्याला मॅच खेळून टीममध्ये येत होती. आपल्याकडं आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात मोठी लीग, जुलैत जी थांबवली ती २०२५ च्या नोव्हेंबरपर्यंत सुरूच झाली नव्हती. फुटबॉल फेडरेशन आणि ही लीग चालवणारी कंपनी एफएसडीएल यांच्यातला करार डिसेंबरमध्ये संपायचा होता, नवीन करार होईना, कोर्टात प्रकरण, आणि ऑक्टोबरमध्ये टेंडर काढलं तर नोव्हेंबरपर्यंत एकसुद्धा बोली आली नाही. म्हणजे देशाच्या सगळ्यात मोठ्या लीगचे बरेच खेळाडू अख्खा पावसाळा घरी बसून, काहींना क्लबनं सरावाला पण बोलावलं नाही, आणि ऑक्टोबरात त्यांना म्हणायचं चला नव्वद मिनिटं पळा सिंगापूरच्या मागं. अरे ज्या पोरानं तीन-चार महिने खरी मॅच खेळलेली नाही त्याचा पहिला टच कसा राहील, सत्तराव्या मिनिटाला त्याचे पाय कसे चालतील? हे आमखासवर खेळणाऱ्या आमच्यासारख्यांना पण कळतं, चार रविवार गॅप पडला की पाचव्या रविवारी श्वास लागतो.

लातूरवाल्याला मी म्हणलं, तू लातूरचा, तुला तर लातूर पॅटर्न सांगायला नको. तिथं बोर्डाचा रिझल्ट लागायचा तो काय परीक्षेच्या आधी मास्तर बदलून लागायचा का? वर्षभर तास, वर्षभर टेस्ट, पहाटेपासून पोरं बसवलेली. इथं शाळाच भरलेली नाही आणि तू मास्तरला म्हणतो मेरिटमध्ये का नाही आलं. तर तो म्हणाला की मग मास्तरानं नोकरी घेताना विचारायचं होतं की शाळा कधी भरणार. यावर सगळे हसले आणि विषय तिथंच तुटला, पण उत्तर म्हणून ते मला पटलेलं नाही. जमीलनं नाही म्हणलं असतं तर दुसरं कुणीतरी आलं असतं, शाळा तरी पण भरली नसती.

आणि कॅम्पचं बघा. ऑगस्टमध्ये त्याची पहिली स्पर्धा, मध्य आशियातल्या देशांचा काफा नेशन्स कप, ताजिकिस्तानात. कोलकात्याच्या मोहन बागान क्लबनं खेळाडूच सोडले नाहीत, फिफाची विंडो, म्हणजे क्लबांनी देशासाठी खेळाडू सोडायचेच असतेत ते दिवस, नाही म्हणून. नियमानं ते चूक नाहीत, पण कोचला टीम मिळाली नाही ही गोष्ट तर खरी आहे. तशा अर्धवट टीमनं यजमान ताजिकिस्तानला २-१ हरवलं, इराणकडून ०-३ हरलो, अफगाणिस्तानशी ०-० आणि तिसऱ्या नंबरच्या सामन्यात ओमानला १-१ नंतर पेनल्टीवर हरवलं. ओमान आपल्यापेक्षा किती वरची टीम आहे हे फुटबॉल बघणाऱ्याला सांगायला नको. तेव्हा हेच सगळे, लातूरवाला धरून, जमील जमील करत होते. मग सप्टेंबरात सिंगापूरसाठी बेंगळुरूत कॅम्प लागला तर परत तेच, बरेच क्लब सोडेनात, पोरं तुकड्या-तुकड्यांनी आली. कोच डावपेच शिकवणार कुणाला, मैदानात ठेवलेल्या प्लास्टिकच्या कोनांना?

इथं बायकांच्या टीमचं उदाहरण द्यायलाच पाहिजे कारण त्याच्याकडं कुणी बघत नाही. जुलैमध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरात, चियांग माईला, २-१ हरवलं आणि एशियन कपला गेल्या, पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. कोच होता क्रिस्पिन छेत्री, आपल्याच देशातला. त्यांना स्पर्धेच्या आधी बेंगळुरूत लांबलचक कॅम्प मिळाला होता, रोज एकत्र, रोज तोच सराव. आणि आत्ता ३० नोव्हेंबरला अहमदाबादेत १७ वर्षांखालच्या पोरांनी इराणला २-१ हरवून एशियन कपचं तिकीट काढलं. इराण! मी ती मॅच बघताना उभाच होतो. त्यांचा कोच बिबियानो फर्नांडिस हा माणूस किती वर्षांपासून बारक्या पोरांसोबत आहे, २०१८ ला त्यानंच १६ खालच्यांना एशियाच्या क्वार्टर फायनलपर्यंत नेलं होतं. एका माणसाला एका कामावर राहू दिलं की काय होतं ते तिथं दिसतं. मग मोठ्या टीमलाच काय शाप आहे की तिथं दरवर्षी खुर्ची बदलायची?

बदलून काय झालं ते पण बघू. मार्केझच्या आधीचा कोच स्टिमॅक २०१९ ला आला, पाच वर्षं राहिला, २०२३ साल चांगलं गेलं, दक्षिण आशियाची सॅफ स्पर्धा जिंकली, इंटरकॉन्टिनेंटल कप जिंकला, रँकिंग ९९ वर गेलं. मग एशियन कपला तीन सामने तीन हार आणि एकही गोल नाही, त्यानंतर गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२, आणि कतारमध्ये तो सामना ज्यात बॉल लाइनच्या बाहेर गेला होता तरी गोल दिला. जून २०२४ ला काढलं. करार बाकी होता म्हणून भरपाईचा वाद, शेवटी चार लाख डॉलर मोजावे लागले. चार लाख डॉलर! तेवढ्यात आपल्या मराठवाड्यातल्या किती तालुक्यांत पोरांना बॉल, गोलपोस्ट आणि एक शिकलेला कोच देता आला असता. मग मार्केझ आला, तो एकाच वेळी एफसी गोवाचा पण कोच आणि देशाचा पण. आठ सामने, एक विजय, तो पण मालदीवविरुद्ध. वर्षभरात गेला. आणि आता म्हणायचं जमीलला पण काढा, म्हणजे दीड वर्षात तिसरा. चौथा येऊन काय करणार? त्याला पण लीग नाही, कॅम्प नाही आणि नऊ नंबर, म्हणजे गोल मारणारा स्ट्रायकर नाही.

नऊ नंबरवरून आठवलं, आमच्या मैदानाच्या कडेला एक चाचा बसतात, जवानीत चांगले खेळायचे, आता गुडघे गेलेत पण डोळा अजून तसाच आहे. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर ते एकच बोलले, "अरे मियां, कोच क्या करता, गोल मारनेवाला बच्चा लाके देव पैले." मला वाटतं सगळ्या चर्चेत हे सगळ्यात खरं आहे. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये सगळ्यात जास्त गोल केले नॉर्थईस्ट क्लबच्या अजारईनं, २३, तो मोरोक्कोचा. आणि भारतीयांत सगळ्यात जास्त कुणाचे? सुनील छेत्रीचे, १४, वय ४०. छेत्रीबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो शब्दात नाही सांगता येणार, पण चाळीस वर्षांचा माणूस देशातला पहिल्या नंबरचा स्ट्रायकर असतो तेव्हा त्याच्या मागच्या वीस वर्षांत काय तयार झालं हे विचारायला पाहिजे ना. क्लब पुढं परदेशी खेळाडू लावतेत कारण त्यांना मॅच जिंकायचीय, आपली पोरं विंगवर नाहीतर बेंचवर. आणि मग देशासाठी त्यांना म्हणायचं बॉक्समध्ये उभं राहून गोल कर. ताजिकिस्तानविरुद्धचे दोन गोल कुणी केले माहीत आहे का, अन्वर अली आणि संदेश झिंगन. दोघं पण डिफेंडर.

यावर जालन्याचा एक जण आहे, शाळेत खेळाचा शिक्षक आहे, इतिहास तोंडपाठ, तो म्हणाला की मग रहीम साहेबांनी काय केलं होतं ते आठव. आता सय्यद अब्दुल रहीम म्हणजे आमच्यासाठी घरचं नाव. भारताच्या टीमचे जुने कोच, हैदराबादचे, आणि आपला मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिसनं १९५० ते ५४ सलग पाच वेळा रोव्हर्स कप ही तेव्हाची मोठी स्पर्धा जिंकली. १९६२ ला जकार्ताला एशियन गेम्समध्ये पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ हरलो. पुढच्या सामन्यात जर्नैल सिंगच्या डोक्याला मार लागला, तो बॅक म्हणजे बचावात खेळणारा. रहीम साहेबांनी त्याला सेमी फायनलला चक्क फॉरवर्डला उभं केलं. त्यानं सेमीत गोल केला, फायनलमध्ये परत कोरियाविरुद्ध गोल केला, पी. के. बॅनर्जींचा एक, २-१, गोल्ड. त्या टीममध्ये पीटर थंगराज, बलराम, युसूफ खान ही हैदराबादच्या मातीतली माणसं. तर जालनावाला म्हणतो, स्ट्रायकर नव्हता तर रहीम साहेब रडत बसले का, डोकं चालवलं. जमील कामून नाही चालवत?

हे बरोबर आहे आणि इथंच माझा पण जमीलवर राग आहे. फातोर्ड्याला सिंगापूरविरुद्ध १४ व्या मिनिटाला आपल्या छांगटेनं काय गोल मारला होता, एवढ्या लांबून, वाटलं आज झालं काम. त्यानंतर आपण मागं सरकलो. हाफ टाइमच्या तोंडावर त्यांच्या सोंग उई-यंगनं बरोबरी केली, ५८ व्या मिनिटाला त्यानंच दुसरा केला, आणि त्यानंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आपल्याकडं होता तरी गोल कुठून येणार याचं चित्रच मैदानावर दिसलं नाही. नुस्तं लांब बॉल आणि पळापळ. घरचं मैदान होतं, हरलो तर बाहेर हे माहीत होतं, तिथं कोचनं काहीतरी वेगळं करायलाच पाहिजे होतं. ढाक्यात पण ११ व्या मिनिटाला बांगलादेशच्या मोरसालिननं गोल केला, जवळपास पूर्ण सामना बाकी होता, आणि आपण त्या एका गोलमागं जवळजवळ ऐंशी मिनिटं पळत राहिलो. त्यांच्या हमझा चौधरीनं छांगटेचा एक बॉल डोक्यानं काढला हे खरं, पण असे मोजून एक-दोनच क्षण आले. जमीलच्या टीमा आधीपासून घट्ट बचाव आणि पटकन हल्ला अशाच खेळतेत, पण मागं पडल्यावर काय, हे त्याला शोधावं लागेल. ते सापडलं नाही तर मी पण त्याच्या बाजूनं बोलणार नाही.

पण रहीम साहेबांचीच गोष्ट पूर्ण सांगायची तर १९५२ पण सांगा ना. हेलसिंकी ऑलिम्पिक, युगोस्लाव्हियाकडून १-१०. दहा! आपली बरीचशी पोरं अनवाणी खेळली थंडीत. कोच तेच, रहीम साहेब. त्या एका सामन्यावर त्यांना कायमचं घरी बसवलं असतं तर १९५६ ला मेलबर्नला चौथा नंबर कुठून आला असता, आणि १९६२ कुठून आलं असतं? जालनावाला यावर गप्प बसला. थोडा वेळ.

आणि जमील हा काही हवेतून आलेला माणूस नाही. २०१६-१७ ला मिझोरामच्या आयझॉल क्लबला आय-लीग, म्हणजे देशातली दुसरी मोठी लीग, जिंकून दिली, आधल्या वर्षी खाली घसरलेली टीम, परत घेतली गेली, पैसा नाही, मोठी नावं नाहीत, आणि मोहन बागानच्या एक पॉइंट पुढं, ३७-३६. नंतर नॉर्थईस्टला अर्ध्या सीझनला हातात घेतलं आणि प्लेऑफला नेलं, आयएसएलमध्ये तसं करणारा पहिला भारतीय कोच. जमशेदपूरला सेमी फायनल आणि सुपर कपची फायनल. म्हणजे जिथं त्याला रोज पोरं मिळाली तिथं त्यानं कमी पैशात काम करून दाखवलंय. १७० च्या आसपास अर्ज आले होते या जागेला, त्यातून निवडलाय. २०११-१२ च्या साव्हियो मेदेरानंतर पहिल्यांदा पूर्णवेळ भारतीय कोच बसवला, आणि चार महिन्यांत म्हणायचं बघा आपल्यावाल्याला जमत नाही, परत बाहेरचा आणा. हे मला सगळ्यात जास्त लागतं. आमच्याकडं डी लायसन्स, म्हणजे कोचिंगचा सुरुवातीचा परवाना, काढून तालुक्यात पोरांना शिकवणारे आहेत, स्वतःच्या पगारातून बॉल घेतेत, त्यांनी वर बघून काय समजायचं? की आपण कितीही केलं तरी आपल्याला चारच महिने मिळतेत?

लातूरवाला म्हणतो हे भावनेचं बोलणं आहे. असू दे. पण हिशोबाचं पण सांगितलंच की.

मग किती दिवस ठेवायचं, असं सगळे विचारतेत, हा प्रश्न बरोबर आहे. कायम ठेवा असं मी म्हणत नाही. लीग सुरू व्हावी, निदान एक सीझन पूर्ण व्हावा. विंडोच्या आधी क्लबांनी ठरलेल्या दिवशी पोरं सोडावीत, आणि ते फेडरेशननं लेखी करून घ्यावं, कोचनं प्रत्येक क्लबच्या मालकाला हात जोडत फिरू नये. असे दोन कॅम्प झाले, पोरं मॅच खेळून फिट आली, आणि तरी पण टीम मागं पडल्यावर तशीच हातपाय गाळून बसली, तर काढा, मी स्वतः आमखासवर सगळ्यांच्या आधी म्हणेन काढा.

हे लिहितोय तेव्हा गटातला एक सामना बाकी होता, ३१ मार्च २०२६ चा, हाँगकाँग आपल्याकडं येणार होतं. त्यांचा तेव्हाचा कोच अॅशली वेस्टवूड, तोच ज्यानं बेंगळुरू एफसीला दोनदा आय-लीग जिंकून दिली होती, आपली पोरं त्याला आतून माहीत आहेत. पात्रतेच्या हिशोबानं आपल्याला त्या सामन्यातून काही मिळणार नव्हतं, म्हणूनच माझं म्हणणं होतं की जमीलनं त्यात २३ वर्षांखालच्या टीमची पोरं घालावीत, विबिन मोहनन, पार्थिब गोगोई, सुहैल भट, सप्टेंबरात यांच्याच टीमनं बहरीनला २-० हरवलं होतं. सुहैलला नऊ नंबरला पूर्ण नव्वद मिनिटं ठेवावं, गोल झाला नाही तरी काढू नये. लातूरवाल्याचं म्हणणं की जुन्यांना घेऊन ती मॅच आधी जिंका, लोकांना काहीतरी द्या. यावर आमचं अजून मिटलेलं नाही, येत्या रविवारी परत बसायचंय.